वाचकांचे प्रश्न : ॲक्सेस पॉइंट निवडताना आणि बसवताना

वायफायविषयी आलेल्या पत्रांपैकी घरे आणि लहान कार्यालये यांच्याशी संबंधित पत्रे या वेळी उत्तरांसाठी घेतली आहेत. पत्रांतील मजकूर संक्षेपाने दिला असून एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांमागे एकच अपेक्षा दिसते, ती म्हणजे अधिक ताकदीचे एखादे यंत्र आणले की अडचण सुटेल. ही अपेक्षा सहसा पुरी का होत नाही आणि त्याऐवजी खर्च व श्रम कुठे करावेत, हे सांगण्यावर या उत्तरांचा भर आहे.

प्रश्न : इंटरनेटच्या जोडणीबरोबर मिळालेल्या राउटरमध्येच वायफाय आहे. मग ॲक्सेस पॉइंट नावाचे वेगळे उपकरण कशासाठी घ्यायचे? दोन्हींत नेमका फरक काय?

उत्तर : जोडणीबरोबर मिळणाऱ्या त्या एका डब्यात खरे तर तीन उपकरणे एकत्र बसवलेली असतात. बाहेरचे इंटरनेट आणि आतले नेटवर्क यांच्यामध्ये राहून आतल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देणारा आणि माहितीला वाट दाखवणारा तो राउटर. केबलने आलेली उपकरणे एकमेकांशी जोडणारा तो स्विच. आणि केबलवरची माहिती रेडिओलहरींवर चढवणारा व लहरींवरून आलेली माहिती पुन्हा केबलवर उतरवणारा तो ॲक्सेस पॉइंट. लहान घरात तिन्ही एकाच ठिकाणी असली तरी बिघडत नाही.

अडचण येते ती जागेची. इंटरनेटची लाइन जिथून आत येते तो बहुधा घराचा एखादा कोपरा असतो, आणि राउटरला तिथे राहणे भाग असते. वायफाय मात्र जिथे माणसे बसतात, काम करतात आणि झोपतात तिथे हवे असते. ॲक्सेस पॉइंट वेगळा घेतला की राउटर कोपऱ्यात राहू शकतो आणि रेडिओ योग्य जागी नेता येतो. शिवाय वायफायच्या पिढ्या झपाट्याने बदलतात, तर राउटरचे काम फारसे बदलत नाही. त्यामुळे दोन्ही वेगळे असतील तर पुढे केवळ ॲक्सेस पॉइंट बदलून भागते.

प्रश्न : आमचे घर दुमजली असून मधल्या भिंती व स्लॅब काँक्रीटचे आहेत. राउटर खालच्या मजल्यावर दाराजवळ आहे. वरच्या मागच्या खोलीत वायफायच्या एक-दोन रेघा दिसतात, पण पान उघडत नाही. सहा अँटेना असलेला अधिक शक्तीचा राउटर घ्यावा, असा सल्ला मिळाला. तो घेतल्याने काम होईल का?

उत्तर : या एका प्रश्नावर सर्वाधिक पत्रे आली आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत. थोडक्यात सांगायचे तर, बहुधा होणार नाही.

त्याचे पहिले कारण असे की वायफाय हा दुतर्फा संवाद आहे. पान उघडण्यासाठी राउटरचा संदेश फोनपर्यंत पोहोचावा लागतो आणि फोनचा संदेशही राउटरपर्यंत परत जावा लागतो. प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोचही उलट दिशेने द्यावी लागते. फोनची प्रक्षेपणशक्ती बॅटरी आणि आकार यांमुळे मर्यादित असते, आणि नवा राउटर आणल्याने ती वाढत नाही. एकाने ध्वनिक्षेपकावरून बोलावे आणि दुसऱ्याने तितक्याच अंतरावरून साध्या आवाजात उत्तर द्यावे, तशी ही स्थिती होते. फोनवर रेघा दिसतात, कारण फोनला राउटर ऐकू येतो. पान उघडत नाही, कारण राउटरला फोन नीट ऐकू येत नाही. चांगल्या अँटेना क्षीण संदेश पकडायला काही प्रमाणात मदत करतात हे खरे, पण लोखंडी सळ्या असलेला स्लॅब आणि दोन भिंती ओलांडण्याइतकी ती मदत पुरत नाही.

दुसरे कारण लहरींच्या स्वभावात आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने बऱ्या जातात, पण त्या पट्ट्यात गर्दी फार असते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा भरपूर आणि वेगही जास्त, मात्र काँक्रीट आणि जाड विटांच्या भिंती त्या लहरी अधिक अडवतात. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने, म्हणजे एक चतुर्थांशावर येतो. भिंतींमुळे होणारी घट याच्या वर असते. आरसे, धातूची कपाटे, पाण्याच्या टाक्या आणि मासे ठेवायच्या काचपेट्या यांचीही गणना अडथळ्यांत करावी; धातू लहरींना परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. पहिली तपासणी अशी की, लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तिथेच वेग कमी आला तर दोष लाइनचा आहे, आणि कोणत्याही ॲक्सेस पॉइंटने तो दूर होणार नाही. केबलवर वेग नीट आला तर दुसऱ्या तपासणीकडे वळावे. सिग्नलची तीव्रता डीबीएम या एककात दाखवणारे एखादे ॲप फोनवर किंवा लॅपटॉपवर घ्यावे आणि दारे बंद ठेवून प्रत्येक खोलीत, विशेषतः जिथे बसून काम होते त्या जागी, आकडा टिपून ठेवावा. हे आकडे उणे असतात, त्यामुळे उणे ५० हा उणे ७० पेक्षा चांगला. त्यांतील फरक दिसतो त्याहून पुष्कळ मोठा असतो : ३ डेसिबल कमी म्हणजे निम्मी शक्ती, १० डेसिबल कमी म्हणजे एक दशांश. उणे ६७ किंवा त्याहून बरा सिग्नल असेल तर आवाजाचे आणि चित्राचे कॉल निर्वेध चालतात. उणे ७५ च्या खाली गेल्यावर जोडणी दिसते, पण भरवशाची राहत नाही.

आकडे हाती आले की जागा ठरवणे सोपे जाते. आपल्या घराच्या वर्णनावरून प्रत्येक मजल्यावर एक ॲक्सेस पॉइंट असावा आणि तो राउटरपासून केबलने आणलेला असावा, असे वाटते. स्लॅबमधून सिग्नल रेटण्यापेक्षा स्लॅबमधून एक केबल नेणे केव्हाही चांगले. वरच्या मजल्यावर तो मधल्या मार्गिकेच्या छताला बसवला तर बहुतेक खोल्यांना एकाच भिंतीपलीकडे पडेल. छतासाठी बनवलेल्या चपट्या उपकरणाचे प्रक्षेपण मुख्यतः खाली आणि बाजूंना पसरते, त्यामुळे ते भिंतीवर उभे बसवले तर सिग्नलचा मोठा भाग नको त्या दिशेला जातो. टेबलावर ठेवायच्या उपकरणाच्या काडीसारख्या अँटेना उभ्या ठेवल्या की सिग्नल त्यांच्या आडव्या पातळीत पसरतो. टोकाच्या दिशेने, म्हणजे सरळ वर आणि खाली, तो सर्वांत क्षीण असतो. टीव्हीच्या मागे, बंद कपाटात किंवा धातूची चौकट असलेल्या फॉल्स सीलिंगच्या वर उपकरण ठेवू नये. दिसायला ते नीटनेटके वाटते, पण आपण विकत घेतलेला सिग्नल तिथेच अडतो.

शक्यतो भोके पाडण्यापूर्वी एकदा चाचणी करावी. ॲक्सेस पॉइंट नियोजित जागी शिडीवर किंवा उंच कपाटावर तात्पुरता ठेवावा, लांब केबलने जोडावा आणि पुन्हा सगळ्या खोल्यांतून आकडे टिपावेत. एक तास जातो, पण पुढची कित्येक वर्षे त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : आमचे घर भाड्याचे आहे, भिंतीतून केबल नेता येत नाही. रिपीटर घ्यावा की मेश?

उत्तर : केबल खरोखरच शक्य नाही का, हे आधी एकदा पाहावे. भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून चिकटपट्टीने नेलेली सपाट केबल घरमालकाला सहसा खटकत नाही, आणि तिचा फायदा कोणत्याही बिनतारी उपायापेक्षा जास्त असतो. खोल्यांमध्ये टीव्हीची जुनी कोॲक्सियल केबल आधीच असेल, तर तिच्यावरून नेटवर्क नेणारी जोडउपकरणे मिळतात आणि ती चांगली चालतात. विजेच्या तारांवरून नेटवर्क नेणारी उपकरणेही असतात. त्यांचा वेग मात्र त्या घराच्या वायरिंगवर अवलंबून असल्याने परत करण्याची सोय असेल तरच घ्यावीत.

हे काहीच जमत नसेल तर मेश, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या उपकरणांचा संच, घ्यावे. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे प्रत्येक तुकडा हवेत दोनदा पाठवावा लागतो आणि उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो. तीन रेडिओ असलेल्या मेशमध्ये उपकरणांच्या आपसांतील संवादासाठी एक रेडिओ राखून ठेवता येतो, म्हणून ही घट कमी होते. मेशचे दुसरे उपकरण कुठे ठेवावे याबाबत मात्र जवळजवळ सर्वांचीच गफलत होते. जिथे सिग्नल नाही तिथेच ते ठेवले जाते, आणि मग त्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नाही. ते वाटेत, म्हणजे मुख्य उपकरणाचा सिग्नल अजून चांगला, साधारण उणे ६० च्या आसपास, मिळतो अशा जागी ठेवावे. पुढे कधी एखाद्याच उपकरणापर्यंत केबल नेता आली तरी न्यावी. बहुतेक मेश संच केबलचा दुवा स्वतःहून ओळखतात आणि त्यामुळे हवेतला भार लगेच हलका होतो.

प्रश्न : माझ्याकडे एक जुना पण चालू स्थितीतला राउटर आहे. तो ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येईल का? एकदा प्रयत्न केला तेव्हा दुसऱ्या खोलीतील संगणकाला प्रिंटर सापडेनासा झाला.

उत्तर : वापरता येईल. प्रिंटर सापडला नाही, कारण जुना राउटर राउटर म्हणूनच काम करत राहिला आणि त्याने आपल्या पाठीमागे एक निराळे नेटवर्क उभे केले. संगणक त्याच्या आत, प्रिंटर त्याच्या बाहेर, अशी विभागणी झाली असणार.

सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा. पुढचे सगळे उपकरण स्वतः करते. तो नसेल तर पुढील क्रमाने जावे. जुना राउटर आधी एकटाच लॅपटॉपला जोडावा. त्याचा स्वतःचा आयपी पत्ता मुख्य राउटरच्याच मालिकेतला, पण त्याच्याशी न जुळणारा आणि मुख्य राउटर इतरांना वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा द्यावा. उदाहरणार्थ, मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि तो १०० पासून पुढचे पत्ते वाटत असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्यावा. त्यानंतर जुन्या राउटरची डीएचसीपी ही सेवा बंद करावी, कारण एका नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारा एकच असला पाहिजे. दोघे वाटू लागले की काही उपकरणे चालतात, काही चालत नाहीत आणि कारण सापडता सापडत नाही. शेवटी मुख्य राउटरकडून आलेली केबल जुन्या राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या लाइनसाठीच्या) पोर्टात न लावता लॅन (आतल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टात लावावी. वॅन पोर्ट रिकामाच राहू द्यावा.

वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे अगदी एकसारखा ठेवावा आणि चॅनेल, म्हणजे पट्ट्यातील ठरावीक भाग, वेगवेगळे द्यावेत. एक अट मात्र कसोशीने पाळावी : निर्मात्याने त्या राउटरसाठी सुरक्षेचे अपडेट देणे बंद केले असेल, तर तो चालू स्थितीत असला तरी नेटवर्कमध्ये घेऊ नये.

प्रश्न : आमच्या इमारतीत वायफायची वीस-पंचवीस नावे दिसतात. सगळे १, ६ आणि ११ या चॅनेलवर आहेत म्हणून मी ३ निवडला, तरी वेग वाढला नाही. असे का?

उत्तर : २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन लागोपाठच्या चॅनेलांच्या मध्यांत ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, पण एक चॅनेल किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणजे ३ वर बसलेला राउटर १ च्या जागेतही शिरतो आणि ६ च्या जागेतही. एकाच चॅनेलवरची उपकरणे एकमेकांना ओळखतात, आधी कान देतात आणि हवा मोकळी झाली की आपली पाळी घेतात; त्यात वेळ जातो, पण संदेश शाबूत राहतात. अर्धवट एकमेकांवर आलेल्या चॅनेलांवर मात्र दुसऱ्याचे बोलणे नुसता गोंगाट म्हणून कानी पडते, संदेश बिघडतात आणि पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. आपण दोन शेजाऱ्यांच्या मध्ये शिरून दोघांनाही त्रास दिला आणि स्वतःही तो ओढवून घेतला. १, ६, ११ यांपैकी ज्यावर दूरचे, क्षीण राउटर असतील तो चॅनेल घ्यावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. या पट्ट्यात ४० ची रुंदी निवडणे म्हणजे इमारतीतील सर्वांच्या वाट्याची हवा अडवणे होय.

खरा उपाय मात्र ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरण्यात आहे. तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल पुष्कळ आहेत, आणि भिंतींमुळे शेजाऱ्याचा सिग्नल अडतो हा येथे फायदाच ठरतो. एकट्या घरात ८० मेगाहर्ट्झची रुंदी ठीक आहे. दाट वस्तीत किंवा अनेक ॲक्सेस पॉइंट असलेल्या कार्यालयात ४० किंवा २० बरी. रुंदी दुप्पट केली की कमाल वेग वाढतो, पण गोंगाटही दुपटीने आत येतो आणि वापरण्याजोगे वेगळे चॅनेल निम्मे उरतात. या पट्ट्यातले काही चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. त्यांवर जाण्याआधी उपकरणाला किमान ६० सेकंद नुसते ऐकावे लागते आणि रडारची चाहूल लागताच चॅनेल सोडावा लागतो. विमानतळ किंवा हवामानाचे रडार जवळ असेल आणि वायफाय अधूनमधून मिनिटभर नाहीसे होत असेल, तर हे चॅनेल टाळून पाहावेत. कोणत्या देशात कोणते चॅनेल व किती शक्ती चालते याचे नियम वेगवेगळे असतात, म्हणून सेटिंगमधील देश खराच निवडावा.

प्रश्न : वायफाय ६, ६ई, ७ यांतील काय घ्यावे? डब्यावर ३००० असे लिहिले असेल तर तेवढा वेग मिळतो का?

उत्तर : तेवढा वेग कोणत्याही एका उपकरणाला मिळत नाही. एएक्स३००० या नावातला आकडा दोन पट्ट्यांच्या कागदावरच्या वेगांची बेरीज असतो : २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ मेगाबिट. फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो. त्यातही २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. नेहमीच्या ८० मेगाहर्ट्झवर दोन अँटेनांच्या फोनचा कमाल दर सुमारे १२०० भरतो, आणि त्यातून पोच, प्रतीक्षा व इतर व्यवस्था वजा जाता हाती निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक वेग लागतो.

पिढीबद्दल बोलायचे तर वायफाय ६ ही आज खरेदीसाठी किमान पायरी मानावी. तिच्यात एकाच प्रक्षेपणात अनेक उपकरणांची माहिती विभागून पाठवण्याची सोय आहे, जी गर्दीच्या जागी उपयोगी पडते. ६ई मध्ये ६ गिगाहर्ट्झचा नवा, मोकळा पट्टा मिळतो. तो आपल्या देशात खुला आहे का आणि आपली उपकरणे तो वापरू शकतात का, हे पाहूनच जास्तीचे पैसे द्यावेत. वायफाय ७ चे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. त्यात एकाच वेळी एकापेक्षा अधिक पट्टे वापरता येतात, पण दोन्ही टोकांची उपकरणे त्या पिढीची असतील तरच. ठरलेल्या रकमेत वायफाय ७ चे एक उपकरण किंवा वायफाय ६ ची दोन उपकरणे व मधली केबल असा पर्याय असेल, तर दुसरा निवडावा.

प्रश्न : पंचवीस जणांचे कार्यालय आहे, तीन खोल्या. इंटरनेटचा वेग भरपूर असूनही दुपारी कॉल तुटतात. चालत दुसऱ्या खोलीत गेले तर फोन पहिल्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो. तिसरा ॲक्सेस पॉइंट लावला, तेव्हा त्रास उलट वाढला.

उत्तर : पंचवीस जण म्हणजे फोन आणि लॅपटॉप धरून पन्नास उपकरणे, शिवाय प्रिंटर आणि पाहुणे. व्हिडिओ कॉलला काही मेगाबिट पुरतात, त्यामुळे कमतरता लाइनच्या वेगाची नाही. कमतरता आहे ती हवेतल्या वेळेची. एका चॅनेलवर एका क्षणी एकच उपकरण बोलू शकते. जवळचा लॅपटॉप ३०० मेगाबिटच्या दराने बोलत असेल आणि कोपऱ्यातला फोन ६ मेगाबिटच्या दराने, तर तेवढीच माहिती पाठवायला फोनला ढोबळमानाने पन्नासपट वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ बाकीचे थांबून असतात. म्हणून कार्यालयात दूरवर सिग्नल पोहोचवणे हे उद्दिष्ट नसावे. प्रत्येक उपकरण आपल्याजवळच्या ॲक्सेस पॉइंटशी वरच्या दराने बोलेल, हे असावे.

तिसरा लावल्यावर त्रास वाढला, कारण बहुधा तिन्ही उपकरणे पूर्ण शक्तीवर आणि त्यांतील काही एकाच चॅनेलवर आहेत. प्रत्येकाला वेगळा चॅनेल द्यावा, रुंदी २० किंवा ४० ठेवावी आणि प्रक्षेपणशक्ती मध्यम किंवा त्याहून कमी करावी. शक्ती कमी करण्याचा सल्ला अनेकांना उलटा वाटतो, पण चिकटून राहण्याच्या तक्रारीवरचा उपायही तोच आहे. एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी जायचे हे फोन ठरवतो, ॲक्सेस पॉइंट नव्हे. पहिल्याचा सिग्नल तिसऱ्या खोलीतही बरा दिसत असेल तर फोन जागचा हलत नाही. शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची माहिती देणारे ८०२.११के, बदलाची सूचना करणारे ८०२.११व्ही आणि बदलताना पुन्हा ओळख पटवण्याचा वेळ वाचवणारे ८०२.११आर हे मानक उपकरणात असतील तर ते सुरू करावेत. काही जुने प्रिंटर आणि स्कॅनर शेवटच्या मानकामुळे जोडले जात नाहीत. तसे आढळल्यास ते एकच बंद करावे.

किमान दराचे सेटिंगही पाहावे. प्रत्येक ॲक्सेस पॉइंट आपल्या प्रत्येक नावाची हाक सेकंदाला सुमारे दहा वेळा देतो आणि ती सर्वांत खालच्या परवानगी असलेल्या दराने देतो. २.४ गिगाहर्ट्झवर हा दर मूळ सेटिंगमध्ये पुष्कळदा १ मेगाबिट असतो. तो ६ किंवा १२ केला की हवा मोकळी होते आणि फार दूरची उपकरणेही चिकटून राहत नाहीत. याच कारणासाठी विभागागणिक वेगळे नाव देऊ नये. कर्मचारी, पाहुणे आणि प्रिंटर-कॅमेऱ्यांसारखी उपकरणे अशी तीन नावे पुरेत, आणि ती व्हीलॅनने, म्हणजे एकाच केबलवर स्वतंत्र नेटवर्क करणाऱ्या सोयीने, एकमेकांपासून वेगळी ठेवावीत, म्हणजे पाहुण्याच्या फोनवरून कार्यालयाच्या फाइलींपर्यंत वाट राहणार नाही. जे जागचे हलत नाही, म्हणजे टेबलावरचा संगणक, प्रिंटर, टीव्ही, ते सर्व केबलवर न्यावे. तेवढ्यानेही दुपारचे कॉल सुधारताना दिसतील.

खरेदी करताना ‘२५० उपकरणे चालतात’ असे वाक्य दिसले तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की तितक्या उपकरणांची नोंद होऊ शकते. एका रेडिओवर २५ ते ३० कामात असलेली उपकरणे धरून मांडणी केली तर पुढे अडचण येत नाही.

प्रश्न : छताला ॲक्सेस पॉइंट लावायचा आहे, पण तिथे विजेचा पॉइंट नाही.

उत्तर : नेटवर्कच्याच केबलमधून वीज देणारी पीओई ही सोय वापरावी. ८०२.३एएफ मानकात पोर्टमधून १५.४ वॅट निघतात आणि केबलमधील घट धरून उपकरणाला सुमारे १३ मिळतात, ८०२.३एटी मध्ये हे आकडे ३० आणि २५.५ आहेत. उपकरणाच्या माहितीपत्रकात कोणते मानक मागितले आहे ते पाहूनच स्विच किंवा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारे छोटे उपकरण) घ्यावा. स्विचच्या एकूण वॅटची बेरीज वेगळी पाहावी, कारण आठ पोर्ट असले तरी आठही पोर्टांना पूर्ण वीज पुरेलच असे नाही. काही इंजेक्टर कोणतीही ओळख न पटवता थेट वीज सोडतात. ते त्याच उपकरणासाठी दिलेले असतील तरच वापरावेत, अन्यथा दुसऱ्या कंपनीचे उपकरण जळू शकते. केबल कॅट६, निव्वळ तांब्याची आणि १०० मीटरच्या आतली असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल वीज नेण्यासाठी घेऊ नये. एका ॲक्सेस पॉइंटला एक केबल लागत असली तरी काम काढल्यावर दोन ओढून ठेवाव्यात.

प्रश्न : नाव लपवून ठेवले आणि ठरावीक उपकरणांनाच मॅक पत्त्यावरून प्रवेश दिला, तर वायफाय सुरक्षित होते ना?

उत्तर : होत नाही. लपवलेले नाव उपकरणे जोडली जाताना हवेत उघडपणे घेतले जाते, आणि मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक, तर प्रत्येक संदेशावर वाचता येतो व त्याची नक्कलही करता येते. संरक्षण देते ते कूटलेखन, आणि त्याच्या पद्धती डब्ल्यूईपी व डब्ल्यूपीए या नावांनी ओळखल्या जातात. २०१८ मध्ये आलेले डब्ल्यूपीए३ सर्व उपकरणांना चालत असेल तर तेच निवडावे, नाहीतर डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचा मिश्र पर्याय घ्यावा. डब्ल्यूईपी आणि पहिले डब्ल्यूपीए कधीही वापरू नये. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळचे संदेश टिपून घेऊन पासवर्डचे अंदाज घरी बसून तपासता येतात, म्हणून तिथे पासवर्ड लांब, असंबद्ध चार-पाच शब्दांचा असावा.

डब्ल्यूपीएस या, पासवर्ड न टाकता झटपट जोडणी करून देणाऱ्या सोयीची पिन पद्धत बंदच करावी. आठ अंकांची ती पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा अंक आधीच्यांवरून ठरतो; त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. उपकरणाच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि फर्मवेअरचे (उपकरणातील सॉफ्टवेअरचे) अपडेट आपोआप येतील असे करावे. कार्यालयात शक्य असल्यास प्रत्येकाला स्वतंत्र ओळख देणारी ८०२.१एक्स पद्धत वापरावी, म्हणजे कोणी नोकरी सोडल्यावर सर्वांचा पासवर्ड बदलावा लागत नाही.

प्रश्न : नवा ॲक्सेस पॉइंट लावल्यापासून दोन कॅमेरे आणि एक स्मार्ट प्लग जोडलेच जात नाहीत.

उत्तर : अशी उपकरणे पुष्कळदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांना डब्ल्यूपीए३ समजत नाही. त्यांच्यासाठी २.४ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए२ असलेले एक वेगळे नाव सुरू करावे आणि मुख्य नेटवर्कचे डब्ल्यूपीए३ तसेच राहू द्यावे. जोडणी करताना फोनही काही वेळ त्याच नावावर न्यावा. कॅमेऱ्यांचे नाव मुख्य नेटवर्कपासून वेगळे ठेवण्याची सोय उपकरणात असेल तर ती याच वेळी वापरावी. त्यानंतर ॲपमधून कॅमेरे दिसतात ना, एवढे तपासून घ्यावे.